चार वेळा विकलेलं घर

त्या वर्षी ऐन मिठाच्या हंगामात पाऊस आला. वाफ्यांत पांढरी साय धरलेलं पाणी दोन दिवसांत परत नुसतं पाणी झालं. आम्ही बांधावर उभं राहून बघत होतो. बायकांच्या खांद्यांवर कावडी होत्या आणि टोपल्या रिकाम्या. पंधरवड्यात तीनदा पाऊस झाला, आणि तिसऱ्यांदा झाला तेव्हा मालकानं अर्धं मिठागर विकून टाकलं. पुढच्याच सोमवारी लाल मातीचे ट्रक सुरू झाले. डोंगर खणायचा आणि आणून वाफ्यांत ओतायचा. समुद्राकाठी हॉटेलं होणार म्हणत होते.

मी लेंग. वखारीत सकाळी हजेरी घ्यायची आणि दिवसभर मिठाचं वजन करायचं, हे माझं काम. कुंथियाला मी तिच्या लग्नापासून ओळखतो. वीस हंगाम तिनं कावड वाहिली. उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा पडलाय तिच्या. तिचा नवरा सारोम वाफ्यांत लाकडी फावडं ओढायचा. मिठागर गेल्यावर तो त्याच ट्रकांवर माती उतरवायला जाऊ लागला. जे वाफे त्यानं जन्मभर ओढले तेच आता बुजवायचे. संध्याकाळी घरी आला की पायाच्या भेगांत लाल माती भरलेली असायची, आणि ती मिठासारखी धुऊन जायची नाही.

घरात तिसरी योनमावशी, सारोमच्या आईची धाकटी बहीण. सत्तरीची. आईबाप गेल्यावर सारोमला तिनंच वाढवलं. लाकडी खांबांवर उभं घर, वर दोन खोल्या, खाली चूल आणि खांबांना बांधलेली मावशीची निजायची झोळी. पुढं रस्ता, मागं मिठागर, त्यापलीकडं समुद्र.

त्या समुद्रापायीच वन्नाक आला. हा वन्नाक पूर्वी आमच्याच वखारीत पोती शिवायचा. आता काळी गाडी घेऊन जमिनींची दलाली करतो.

"सारोमभाऊ, अडतीस हजार डॉलर," तो गाडीतून न उतरताच म्हणाला. "आजचा भाव. उद्याचं मी सांगू शकत नाही."

"घरासकट?"

"घराला कोण विचारतंय? जागेचे. घर असंच जाईल त्यात."

कुंथिया चुलीशी मासे साफ करत होती. "असंच कसं जाईल?" ती म्हणाली. "खांब बघितलेस का? असलं लाकूड मिळतंय का आता कुठं?"

"वहिनी, घेणारा खांब बघायला येत नाही. समुद्र बघायला येतो."

तीन दिवस दोघांनी विचार केला. मीठ नाही तर इथं राहून करायचं काय? डोंगराच्या पायथ्याशी एक तुकडा मिळत होता, जवळच मिरीच्या मळ्यांत काम होतं. पाणी तेवढं नव्हतं, विहीर खणावी लागणार होती. मावशीला विचारलं तर ती झोळीतून उठलीसुद्धा नाही. "मला कशापायी इचारता? घर माझं न्हाई," म्हणाली. म्हातारी रुसलीय असं दोघांनी धरलं. सारोमनं कागदावर लाल शाईचा अंगठा उठवला.

घेणारी बाई राजधानीतली होती. भली होती. येताना केळ्यांचा घड घेऊन आली, खाली चटईवर बसून त्यांच्याबरोबर भात जेवली, मावशीचे सुजलेले पाय बघून हळहळली.

"मला एवढ्यात काही बांधायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही राहा की. गवत तेवढं वाढू देऊ नका. लागेल तेव्हा दोन महिने आधी सांगेन."

सारोमला आभाळ ठेंगणं झालं. पैसे मिळाले आणि छप्परही राहिलं. डोंगराकडचा तुकडा घेऊन ठेवला; तिथली विहीर सवडीनं खणू, मग जाऊ, असं ठरलं.

बाईनं महिन्याभरात जागा विकली. साठ हजाराला. हे वन्नाककडून कळलं, तेही रस्त्यात.

दुसरा मालक एकदाच आला. तो फाटकातून आत आला नाही. गाडीला टेकून त्यानं घराच्या वरून पलीकडं पाहिलं. सारोम अंगात सदरा घालून, हात जोडून पुढं गेला. मालकानं काळा चष्मा काढून पुसला, परत लावला आणि गेला. "ऊन डोळ्यांवर आलं असंल," सारोम म्हणाला.

तिसरे नवराबायको होते. ते मोजायची फीत घेऊन आले. कुंथिया आणि मावशी खाली जेवत होत्या. फीत त्यांच्या मधून गेली. बाई म्हणाली, "इथं पोहायचा तलाव येईल," आणि नवरा मागं सरत सरत भाताच्या भांड्यावरून पाय टाकून पलीकडं गेला. अन्नावरून पाय! कुंथिया उठून उभी राहिली. "अवो, जेवतोय न्हवं आमी!" ती ओरडली. बाईनं मान वळवली. इकडंतिकडं पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "पाखरं फार आहेत इथं."

कुंथियानं तो भात कोंबड्यांना टाकला. मावशी मात्र आपल्या वाटीतला जेवत राहिली. "बस खाली," म्हणाली, "असंच असतंय ते."

"काय असतंय?"

मावशी वाटीतली शितं वेचत राहिली.

चौथ्या मालकाच्या वेळी कुणीच आलं नाही. वन्नाक फोन घेऊन आला आणि फोटो काढले. कुंथिया तेव्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून लसूण सोलत होती. दोन दिवसांनी तोच फोटो त्यानं तिला कौतुकानं दाखवला. एक लाख चाळीस हजाराला गेलेलं घर. जिना होता. पायरीवर लसणाची टोपली होती, बाजूला सालींचा ढीग होता. कुंथिया नव्हती.

"मी कुठं गेले?"

"पुसली, वहिनी," वन्नाक हसला. "फोनमध्येच सोय असते. माणसं दिसली की भाव पडतो. घेणाऱ्याला वाटतं, आता ह्यांना उठवणार कोण?"

"अन् टोपली कशी ठेवलीस?"

वन्नाकनं फोन जवळ धरून पाहिलं. "टोपली? ती बरी दिसते."

कुंथियानं त्या रात्री सारोमला सांगितलं तर तो म्हणाला, "फोटोच हाय. फोटोनं काय हुतंय?"

आता माझं सांगतो.

उरलेल्या मिठागरात थोडं मीठ धरलं होतं, म्हणून वखारीत सकाळी वीसेक बायका यायच्या. मी नाव पुकारायचं, बाईनं पुढं होऊन माझ्या हातातून बांबूचा बिल्ला घ्यायचा. कुंथियाचं नाव सातवं. त्या दिवशी मी सहावं घेतलं आणि आठवं घेतलं. सगळ्या बायका कामाला गेल्या. दुपारी खिशात हात घातला तर एक बिल्ला उरलेला. यादी काढली. तिचं नाव तिथं होतं, माझ्याच अक्षरात. माझी नजर त्यावरून नुसती सरकली होती.

मागाहून तिनं सांगितलं, ती माझ्यासमोर उभी होती, हाताच्या अंतरावर. "काका, तुमी माज्याकडं बघत हुता," म्हणाली. "मागची भिंत बघावी तसं."

हे एकदा झालं असतं तर चूक म्हणता येईल. चार दिवसांत तीनदा झालं. पाचव्या दिवसापासून ती आली नाही, आणि खरं सांगतो, ती आली नाही हेही माझ्या ध्यानात आलं नाही. घरी जाताना रोज त्यांच्या फाटकावरून जायचो. ते घर आता विकलेलं, रिकामं घर आहे असंच मनात बसलं होतं. खाली चूल पेटलेली असायची. धूर दिसायचा. तरीही.

मग ते दुपारचं झालं.

सारोम ट्रकांवर गेला होता. ऊन असं की कोंबड्या घराखाली पंख पसरून पडलेल्या. कुंथिया जाळं शिवत होती, मावशी झोळीत. मिठागराच्या बाजूनं एक म्हातारा आला. त्या बाजूला वाट नाही, नुसता ओला भराव. अनवाणी, अंगात विटलेला काळा सदरा, गळ्यात चौकड्यांचा पंचा. तो थेट कुंथियाच्या डोळ्यांत बघून हसला. कितीतरी दिवसांत तिच्याकडं कुणी असं बघितलं नव्हतं. तिला रडूच आलं.

"बस ना, बाबा," ती म्हणाली.

"घर इकायला हाय म्हणं?"

"इकून झालं की. चारदा."

म्हातारा हसला. "कुणी इकलं?"

"आमीच. पयल्यांदा आमी."

"अन् तुमी कुणाकडनं घेतलं?"

कुंथिया थबकली. हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा घर होतंच. तिनं झोळीकडं पाहिलं. मावशी डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होती. झोळीची दोरी कुरकुरत होती तीही थांबली.

"जरा वर बघून येतो," म्हातारा म्हणाला. "पाणी आण, पोरी."

तो जिना चढला. तिसऱ्या पायरीवरून त्यानं पाय लांब टाकला तो पाचवीवर. खाली न बघता, सवयीनं. चौथी पायरी पूर्वी मोडकी होती. सारोमनं ती बारा वर्षांपूर्वी नवी बसवली होती.

कुंथियानं रांजणातून वाटी भरली. वर पावलं वाजत होती. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत. मग थोडं थांबून, कोपऱ्यापर्यंत. तिथं थांबली. ती वाटी घेऊन वर गेली. दोन्ही खोल्या रिकाम्या. मागची खिडकी आतून कडी लावलेली. फळ्यांवर ओल्या पायांचे ठसे कोपऱ्यापर्यंत गेले होते आणि परत आलेले नव्हते. ती बघत असतानाच ते वाळले, आणि मागं मिठाची पांढरी कड राहिली.

खाली आली तेव्हा तिच्या हातातली वाटी निम्मी सांडली होती. मावशीनं ती घेतली आणि उरलेलं पाणी स्वतःच प्याली.

"तो कोण हुता, मावशी?"

"मला काय ठावं? मी त्येंची तोंडं कवा बघितलीत?"

मग तिनं सांगितलं. नव्या राज्यकर्त्यांनी बंदुकीच्या धाकानं लोकांना गावांतून हुसकून लांबच्या शेतांवर चार वर्षं राबवलं, त्या दिवसांच्या शेवटचं. पहारेकरी पळाले तशी ती बहिणीच्या पोराला, सारोमला, पाठीशी बांधून चालत निघाली. अठरा दिवस चालली. आपलं गाव जळालेलं, म्हणून समुद्राकडं वळली. पोर रडायचंही थांबलं होतं. हे घर दिसलं. खाली कुणी नव्हतं आणि चुलीवर भांडं होतं.

"भात हुता त्यात," मावशी म्हणाली. "गरम. हात भाजला माजा. पयलं पोराला भरवलं, मग मी खाल्लं, समदं. खाताना वर पावलं वाजली. दोन-तीन मान्सं असतील. आमच्यापरास ती जास्त भ्याली हुती. मला वाटलं असंल पहारेकरी, अन् त्यास्नीबी तेच वाटलं. मी आवाज दिला न्हाई."

"मग?"

"मागच्या खिडकीतनं गेली असतील. मिठागराकडं. संध्याकाळी तिकडं बंदुका वाजल्या." मावशी हातातल्या रिकाम्या वाटीकडं बघत होती. "हाक मारली असती तर घर त्येंचंच ऱ्हायलं असतं. म्हून न्हाई मारली. नंतर सरकारनं म्हटलं, जो ज्या घरात हाय त्येचं ते घर. कागुद झाला. माज्याकडं कुणी बघत नसलं, तर मी कुणाला काय म्हनू?"

सारोमला हे सांगितलं तेव्हा तो वर जाऊन कोपरा बघून आला. मग म्हणाला, "उद्याच जाऊ. इहीर हुईल तवा हुईल." पण सामान बांधायला दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे भिंतवाले आले.

परमुलखातले मजूर होते. तयार सिमेंटचे खांब आणि फळ्या ट्रकातून उतरवल्या, खड्डे केले, खांब रोवले आणि खांबांच्या खाचांत फळ्या सरकवत निघाले. डोक्याच्या वर हातभर उंच भिंत. कुंथिया मुकादमाजवळ गेली.

"दादा, फाटकाची जागा सोडा. आमी आत हाय. सामान काढायचंय."

मुकादमानं नकाशा उलटासुलटा करून पाहिला. नकाशात दार समुद्राच्या बाजूला होतं. तिकडं पुढं मोठा रस्ता होणार होता. आता तिथं नुसता चिखल, म्हणून तिकडूनही भिंत बंदच. त्यानं मालकाच्या माणसाला फोन लावला. "नाही, घर दाखवलेलं नाही नकाशात," तो सांगत होता. "हां, रिकामंच दिसतंय... नाही हो, कुणीतरी बोलल्यासारखं वाटलं म्हणून विचारलं."

सारोमनं एका मजुराचा दंड धरला. मजूर दचकला, दंड चोळला, वर झाडाकडं पाहिलं आणि बाजूला सरकून काम करू लागला. सारोम जागच्या जागी खाली बसला. एवढा धिप्पाड माणूस, तळव्यांत तोंड घालून बसला. कुंथिया म्हणते, त्या दिवशी तो पहिल्यांदा घाबरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वखारीकडं निघालो होतो. भिंत पुरी झाली होती. मजूर गेले होते. नवी, राखाडी, सरळ भिंत. मी तिच्या कडेनं चाललो होतो आणि कुणीतरी माझं नाव घेतलं.

"लेंग! ए लेंग! मावशी म्हणालास न्हवं मला तुज्या लग्नात? थांब की मेल्या!"

योनमावशीचा आवाज. मी थांबलो. अंगावर काटा आला. कारण मला एकदम सगळं आठवलं. तो उरलेला बिल्ला, रोज दिसणारा धूर, आत माणसं आहेत हे. झोपेतून कुणी पाणी मारून उठवावं तसं झालं. मी धावत जाऊन भिंतीला दोन्ही हात लावले.

"मावशी! किती जण आहात?"

"तिघं! अजून तिघंच!"

आत सारोम घराचा जिना उखडत होता. अख्खा जिना खिळ्यांसकट काढून त्यानं भिंतीला लावला. बाहेरून मी वखारीतली पोती हातगाडीवरून आणून एकावर एक रचली, मिठानं भरलेली, बारा पोती. आधी भांडी आली, मग चटया, कोंबड्या पाय बांधून. मग भिंतीवर मावशी दिसली. मी तिला खांद्यावर घेतलं. आयुष्यभर वजनं केली मी. चाळीस किलोची होती म्हातारी, एखादा किलो इकडंतिकडं. ते वजन खांद्यावर पडलं आणि मला इतकं हायसं वाटलं की तिला खाली ठेवायचंच सुचेना.

"सोड की आता," ती म्हणाली. "हाडं मोडशील."

शेवटी कुंथिया चढली. भिंतीवर बसून तिनं मागं पाहिलं. जिना नसलेलं घर खांबांवर उंच उभं होतं. वरच्या दारात चढायला आता काहीच नव्हतं. सारोमनं विचारलं, "काय गं?" ती म्हणाली, "काय न्हाई." आणि उतरली. तिनं तिथं काय पाहिलं ते मी विचारलं नाही. मावशीनंही विचारलं नाही, पण हातगाडीवर बसण्याआधी ती भिंतीकडं तोंड करून गुडघ्यांवर बसली, तिनं तीनदा कपाळ जमिनीला टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "या. आमी चाललो."

त्यानंतर तीन रविवार मी डोंगराकडं विहिरीला हात लावायला गेलो. सारोम खाली खणायचा, मी आणि कुंथिया वर दोरीनं चिखल ओढायचो. पिवळा, चिकट चिखल. सातव्या हाताला ओल लागली होती. मावशी झोपडीत काड्या पेटवून धुरात खोकत होती. मिरीच्या मळ्यावर कुंथियाचं नाव रोज पुकारलं जात होतं, पण ती म्हणायची, "काका, मी आता नाव यायच्या आदीच ओरडते."

तिसऱ्या रविवारी पांढरी गाडी आली. काच खाली झाली. आत एक बाई, शेजारी एक माणूस, त्याच्या हातात कागद.

"हाच ना तो पट्टा?" बाई म्हणाली. "रिकामाच आहे. काय भाव म्हणाला होता वन्नाक?"

कुंथिया गाडीपासून चार पावलांवर होती. तिच्या हातात चिखलाची बादली होती. "रिकामा न्हाई," ती म्हणाली. बाई तिच्या पलीकडं डोंगराकडं बघत होती. "आमी ऱ्हातो हितं," कुंथिया परत म्हणाली. मी दोरी सोडली.

कुंथियानं बादली खाली ठेवली. पुढं झाली आणि गाडीच्या पुढच्या पत्र्यावर उघड्या पंज्यानं अशी थाप मारली की विहिरीतून सारोम ओरडला, "काय पडलं?"

बाई किंचाळली. "अगंबाई! तुम्ही कुठून आलात? दिसलाच नाहीत मला."

"आता दिसते न्हवं?" कुंथिया म्हणाली. "मी कुंथिया. खाली माजा नवरा हाय, सारोम. आत मावशी हाय, योन. हे इकायचं न्हाई. वन्नाकला सांगा."

"बरं, बरं," बाई म्हणाली. माणसानं घाईनं गाडी मागं घेतली.

गाडी उतारावरून जात होती. पांढऱ्या पत्र्यावर पाच बोटांचा पिवळा ठसा स्पष्ट उमटला होता. कुंथिया वळणापर्यंत त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं दोरी उचलली आणि खाली वाकून सारोमला हाक दिली, "वढू का?"